तेराव्या मजल्यावरचे सर

नॉर्थ यॉर्कमधल्या आमच्या बिल्डिंगला तेरावा मजला नव्हता. लिफ्टमध्ये बारानंतर थेट चौदाचं बटण. तेरा आकडा इथल्या लोकांना अशुभ वाटतो, भाडेकरू मिळत नाहीत, म्हणून बांधणाऱ्यानं तो गाळूनच टाकलेला. टोरोंटोत अशा बिल्डिंगा पुष्कळ आहेत आणि त्यामुळे कुणाचं काही अडत नाही. अडायचं ते फक्त सरांचं. ते १४०७ मध्ये राहायचे. दारावरच्या आकड्यावर त्यांनी कागद चिकटवून मार्करनं १३०७ लिहिलं होतं. लिफ्टमधलं चौदाचं बटण त्यांनी कधी दाबलं नाही. बाराव्यावर उतरायचे आणि उरलेला एक मजला जिन्यानं चढायचे, हातात ग्रोसरीच्या पिशव्या असल्या तरी.

"सर, गुडघे दुखतात ना तुमचे?" मी एकदा विचारलं.

"दुखतात. पण मोजता तर येते ना मले! बारानंतर काय येते?"

"तेरा."

"मग? एका कंत्राटदारानं सांगितलं, तेरावा नाही म्हणून, अन् दोनशे घरं रोज मान डोलवून राहिली. उद्या तो म्हणेल, नववा नाही. मग तू कुठं राहशील?"

मी नवव्यावर राहायचो. त्या दिवशी मला हसू आलं, पण लिफ्टमध्ये शिरलो की माझी नजर त्या बारा आणि चौदाच्या मधल्या जागेवर जायला लागली ती लागलीच.

सरांची पहिली भेट बेसमेंटमधल्या लॉन्ड्री रूममध्ये झाली. दोन हजार सहाचा हिवाळा होता, आम्ही नुकतेच या बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. मी आईशी फोनवर बोलत ड्रायरमध्ये कपडे कोंबत होतो. मागून आवाज आला, "नागपूर?" वळून पाहिलं तर सत्तरीकडे झुकलेला एक काटक माणूस, डोक्यावर लोकरी टोपी, काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी. परदेशात गाववाला भेटला की माणूस जसा हरखतो तसा मी हरखलो आणि आपल्या सवयीनं पुढचा प्रश्न विचारून मोकळा झालो. "आपलं आडनाव?"

"कायले पाहिजे?"

"असंच."

"असंच कोणी विचारत नाही. आडनाव विचारून राहिला म्हणजे तुले माहा पत्ता नको, माही जागा पाहिजे. कोणत्या खणात ठेवायचा हा माणूस?"

मी ओशाळलो, कारण मला नेमकं तेच पाहिजे होतं. आपण सगळेच ते विचारतो आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. सरांनी आडनाव सांगितलं नाही. खाली लॉबीतल्या बझरच्या यादीतही त्यांच्या घराच्या आकड्यापुढे नुसता एक 'पी' होता. बिल्डिंगमधले देशी लोक त्यांना सर म्हणत, म्हणून मीही सर म्हणू लागलो. पण मनात एक अढी बसली. जो माणूस साधं आडनाव सांगत नाही, तो काय काय लपवत असेल?

हे मी म्हणतोय याला कारण आहे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यानं लिहिलेल्या प्रोग्रामवर विश्वास ठेवायचा नाही, याचाच मला पगार मिळतो. समोरचा म्हणाला सगळं नीट चालतंय, की आधी माझे कान टवकारतात. घरीही अश्विनी, म्हणजे माझी बायको, दूध आणलं म्हणाली तर मी फ्रिज उघडून बघतो. ती वैतागते, पण स्वभावाला औषध नाही.

त्या वर्षी ऑफिसात नवं काम आलं. फ्रेंच येणाऱ्याला टीम लीड करणार अशी कुणकुण लागली. अश्विनीनंच शोध लावला की चौदाव्यावरचे सर पूर्वी इथल्या एका कॉलेजात फ्रेंच शिकवायचे आणि त्याआधी पॅरिसमध्ये तत्त्वज्ञान शिकायला होते. आम्ही दोघं विचारायला गेलो. दार चार बोटं उघडलं. साखळी लावलेली.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाही सर, आम्हीच आलो. फ्रेंच शिकायचंय."

"कोणासाठी?"

"ऑफिससाठी."

"बरं, खरं बोलला. या."

फी किती, असं विचारल्यावर त्यांनी सिंककडे बोट दाखवलं. आठवड्याची भांडी साठवलेली होती. "फ्रेंच इथंच येते. खुर्चीत बसून येत नाही." दर शनिवारी सकाळी आम्ही दोघं त्यांच्या सिंकपाशी उभे राहायचो. मी घासायचो, अश्विनी विसळायची, सर पुसून ठेवायचे आणि फ्रेंच बोलायचे. हात साबणात असला की जीभ लाजत नाही, असा त्यांचा दावा होता. मला वाटलं, म्हातारा फुकट भांडी घासून घेतोय. पण तीन महिन्यांत मी फ्रेंचमध्ये भांडायला लागलो हेही खरं.

स्टेशन कुठे आहे, सफरचंद कितीला, असलं त्यांनी काही शिकवलं नाही. पहिलं वाक्य शिकवलं, "कार्यालय बंद आहे." आणि मग तीन प्रश्न. हे कोण म्हणतं? ते कुठं उभं राहून म्हणतं, काउंटरच्या आत की बाहेर? आणि असं म्हटल्यानं कोणाचं भलं होतं? कुठलंही वाक्य या तीन प्रश्नांतून पार झाल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. फ्रान्समधलं युद्धानंतरचं सगळं तत्त्वज्ञान त्यांनी मला ताटं पुसता पुसता सांगितलं, आणि माझ्यासारख्या इंजिनियरला ते समजलं.

"हे पाह्य," ते म्हणायचे, "जर्मन गेले. मग पॅरिसमध्ये जो तो दुसऱ्याले एकच विचारून राहिला, त्या चार वर्षांत तू कुठं होतास? सगळे म्हणाले, मी लढून राहिलो होतो. सगळेच लढले असते तर जर्मन चार वर्षं टिकले असते का बे? म्हणून मग तत्त्वज्ञ लोक बसले. म्हणाले, माणूस मोकळा आहे, जे केलं त्याचा जबाब त्यानंच द्यायचा, हुकूम होता असं सांगायचं नाही. बोलले तर झकास. मग आलं अल्जीरिया, फ्रान्सचीच वसाहत. तिथले लोक म्हणाले, आम्हीपण माणूस आहो, आम्हालेपण मोकळं करा. तवा कळलं कोण काउंटरच्या आत उभं आहे ते."

"आणि मग?"

"मग पुढची पोरं आली. म्हणाली, माणूस राहू द्या बाजूले, आधी रजिस्टर दाखवा. शाळेचं, दवाखान्याचं, जेलचं. माणसाच्या आधी त्याचा खण तयार असते."

अडुसष्टच्या मे महिन्यात पॅरिसच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले तेव्हा तुम्ही काय केलंत, असं मी मोठ्या उत्सुकतेनं विचारलं. ते म्हणाले, "बटाट्याच्या रांगेत होतो. सगळे रस्त्यावर, दुकानं अर्धी बंद. लोकाले वाटते, तेव्हा पॅरिसमध्ये होता म्हणजे दगड फेकले असतील. मी बटाटे आणले, आठ जणांले रांधून घातलं." हे उत्तर मला फार संशयास्पद वाटलं. खरोखर तिथे असलेला माणूस इतकं फिकं उत्तर कशाला देईल? खोटं बोलणाऱ्यानं निदान एखादा दगड फेकला असता, हे मला तेव्हा सुचलं नाही.

संशयाला खतपाणी मिळत गेलं. ऑफिसात मॉन्ट्रियलची एक सहकारी होती. माझं फ्रेंच ऐकून ती खो खो हसली. म्हणाली, "तुझे टीचर पॅरिसचे नाहीत, आय कॅन बेट. हे अल्जियर्सच्या बाजूचं फ्रेंच आहे, तेही हॉटेलच्या किचनमधलं." मी घरी येऊन इंटरनेटवर सरांचा प्रबंध शोधला. आडनावच माहीत नाही तर काय डोंबल सापडणार? अश्विनीला म्हटलं, "हा माणूस पॅरिसला गेलेलाच नाही. मी लिहून देतो."

"तुला भांडी घासायचा कंटाळा आलाय," ती म्हणाली.

सरांकडे येणारा दुसरा एकच माणूस होता, युसुफ. पंचेचाळिशीचा, अल्जीरियाचा, सहाव्या मजल्यावर राहायचा आणि एका बेकरीत कामाला होता. दुपारी शिफ्ट संपली की लांबडा पाव घेऊन यायचा. सर पाटोडीची भाजी करायचे, अस्सल नागपुरी, तिखटजाळ, आणि युसुफ ती पावाशी खायचा, नाक पुसत. दोघं फ्रेंचमध्ये तावातावानं भांडायचे. सरांना मोकळेपणानं हसताना मी फक्त त्याच्यासमोर पाहिलं.

युसुफ या देशात नऊ वर्षं होता, पण कच्च्या कागदावर. आश्रयासाठी केलेला अर्ज नामंजूर झालेला. आता माणुसकीच्या आधारावर राहू द्या असा शेवटचा अर्ज होता, आणि तोही फेटाळला की त्याला विमानात बसवणार. वकीलबाईंनी सांगितलं होतं, तुला जवळून ओळखणाऱ्यांची सह्यांनिशी पत्रं आण. बेकरीच्या मालकानं दिलं होतं. पण सगळ्यात वजनदार पत्र सरांचं ठरणार होतं. कॉलेजात शिकवलेला, तीस-पस्तीस वर्षांपासून कॅनडाचा नागरिक आणि रोजचा जेवणाचा सोबती.

सरांनी नाही म्हणून सांगितलं.

त्या शनिवारी युसुफ सकाळीच आला होता आणि मी तिथेच होतो, हातात साबणाचा स्पंज. युसुफनं समजुतीनं मान हलवली, पाव ओट्यावर ठेवला आणि निघून गेला. दार लागल्यावर मी म्हटलं, "सर, का?"

"मी कागदावर सही करत नाही."

"अहो, पण तो जाईल ना परत!"

"माहीत आहे मले."

आणि ते पुन्हा ताट पुसायला लागले. आधीच कोरडं असलेलं ताट. मला संताप आला. दर शनिवारी दुसऱ्यांच्या जबाबदारीवर बोलणारा माणूस स्वतःची वेळ आली तर फडक्याआड लपतो? घरी आल्यावर माझं डोकं भलतीकडे धावायला लागलं. आडनाव सांगत नाही, सही करत नाही, दाराला साखळी, कोण आलं-गेलं यावर बारीक नजर. हा माणूस कुणाला खबरा तर देत नसेल? अकरा सप्टेंबरनंतरचा तो काळ तसा होताच. ब्राऊन कातडीच्या माणसानं विमानतळावर जरा जास्त घाम गाळला तरी बाजूला घ्यायचे. मी हे अश्विनीला बोलून दाखवलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि तुझं पत्र?"

"माझी सिटिझनशिपची फाइल आत आहे. आत्ता उगीच कुठे नाव नको."

ती आत निघून गेली. मीही विषय वाढवला नाही. मी युसुफसाठी पत्र दिलं नाही, हे इथे सांगून टाकतो.

पुढच्या शनिवारी अश्विनीला बरं नव्हतं म्हणून मी एकटाच गेलो, तेही जाब विचारायच्या तयारीनं. सर कणीक भिजवत होते. मी सरळच म्हणालो, "सर, तुम्ही पॅरिसला खरंच गेला होता का?"

त्यांचा हात थांबला. "कोण म्हणते?"

"तुमचं फ्रेंच पॅरिसचं नाही म्हणतात. अल्जियर्सचं आहे. किचनमधलं."

मला वाटलं, आता चिडतील. पण त्यांचा चेहरा उजळलाच. "ओळखलं कोणी? बरोबर आहे. मुरादचं आहे ते." मग खुर्ची ओढून ते बसले, हात कणकेनं माखलेले तसेच मांडीवर.

स्कॉलरशिपवर पॅरिसला गेले तेव्हा सर तेवीस वर्षांचे होते. पैसे पुरायचे नाहीत म्हणून एका हॉटेलात भांडी घासायचे. शेजारच्या सिंकपाशी मुराद, त्यांच्याच वयाचा अल्जीरियन. विद्यापीठातलं फ्रेंच सरांना समजायचं नाही. मुरादनं भांडी घासता घासता त्यांना बोलायला शिकवलं. एकसष्ट सालचा शरद ऋतू होता. अल्जीरियाचं युद्ध चालू होतं आणि पॅरिसमध्ये अल्जीरियन लोकांना संध्याकाळनंतर बाहेर पडायला बंदी होती. एका संध्याकाळी दोघं मेट्रोच्या पायऱ्या चढून वर आले आणि पोलिसांनी दोघांनाही धरलं. रंग सारखाच होता. ठाण्यात सरांनी भारताचा पासपोर्ट दाखवला. साहेब एकदम गोड झाला. म्हणाला, माफ करा, गैरसमज झाला, हा दुसरा तुमच्याबरोबर होता का? नसेल तर इथे तेवढी सही करा आणि जा.

"कागदावर काय होतं?" मी विचारलं, पण मला कळलं होतं.

"या इसमाले मी ओळखत नाही." सर कणकेच्या हातांकडे बघत होते. "समोर बसला होता तो. त्यानंच मान हलवली, कर म्हणून. मी केली. दुसऱ्या दिवशी त्याचा सिंक रिकामा. मग कधीच दिसला नाही. त्याच आठवड्यात वर्गात आमच्या प्रोफेसरनं युद्धाच्या विरोधात पत्रक फिरवलं. स्वातंत्र्य, जबाबदारी, सगळं होतं त्यात. सगळ्यांनी सह्या केल्या. माह्याजवळ आलं अन् माहा हातच चालेना. कोणत्या तोंडानं करू? तेव्हापासून नाही केली. बँकेची करतो, भाड्याची करतो. माणसाबद्दल नाही करत."

इतके महिने मी त्यांच्यावर संशय घेत होतो, आणि तो त्यांच्या स्वतःवरच्या संशयापुढे काहीच नव्हता. मला शरम वाटली. शेवटी मीच म्हणालो, "सर, पण युसुफच्या कागदावर उलटंच लिहायचंय. ओळखतो म्हणून."

"तेवढं समजते मले," ते म्हणाले आणि उठून कणीक मळायला लागले. पोळ्या झाल्यावर म्हणाले, "उद्या कॉम्प्युटर घेऊन ये."

रविवारी मी लॅपटॉप घेऊन गेलो. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. युसुफ पाव कसा कापतो, कुणाच्या आजारपणात त्यानं किती दिवस सूप नेऊन दिलं, रागावला की काय बोलतो. मी म्हटलं, सर, रागाचं कशाला? ते म्हणाले, "नुसतं चांगलं लिहिलं तर खोटं वाटेल." पत्राच्या डोक्यावर त्यांचं पूर्ण नाव टाकावं लागलं. अशा रीतीनं त्यांचं आडनाव मला समजलं. लॉन्ड्री रूममध्ये मला ज्याच्यासाठी ते हवं होतं, त्यातलं काहीच त्यानं कळलं नाही. ते मी इथे लिहीत नाही. सही करताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं. तिसऱ्यांदा केली.

आठ दिवसांनी वकीलबाईंचा फोन आला. पत्र उत्तम आहे, पण चालणार नाही. पत्त्यावर १३०७ लिहिलंय आणि त्या बिल्डिंगला तेरावा मजलाच नाही. साक्ष देणाऱ्याचाच पत्ता खोटा निघाला तर साहेब लोक सगळीच फाइल संशयानं बघतील. आता साधं पत्र नको, शपथेवरच लिहून द्या, बरोबर पत्त्यासह. हातात चार दिवस आहेत.

पत्ता मीच टाइप केला होता. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढणारा मी, मला तो आकडा खटकलाच नव्हता. वर्षभर तो कागद बघून बघून मलाही ते घर १३०७ च वाटायला लागलं होतं.

सरांना सांगायला गेलो. त्यांनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे शपथ घेऊन खोटं लिहायचं."

"सर, रेकॉर्डला तेच खरं आहे."

"तेच तर म्हणून राहिलो मी चाळीस वर्षं."

पुढे काय करणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही. युसुफ त्या दुपारी आला होता. पाव आणला, भाजी झाली, पण कोणी भांडलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी बझर वाजला. सर खाली लॉबीत, टोपी, कोट, हातात पासपोर्ट. "गाडी काढ." शपथेवर सह्या घेणारी बाई एका प्लाझामध्ये बसायची. ऑफिस म्हणजे एक टेबल, एक शिक्का आणि कोमेजलेलं एक रोपटं. बाईंनी कागद पुढे ओढला, नाव वाचलं, मग विचारलं, "करंट ॲड्रेस, सर? युनिट नंबर?"

सर तिच्या पेनाकडे बघत राहिले. खिडकीबाहेर कोणीतरी गाडीवरचं बर्फ खरवडत होतं, तेवढा एकच आवाज. बाईंनी पुन्हा विचारलं.

"फोर्टीन ओ सेव्हन," सर म्हणाले.

"अँड यू स्वेअर धिस इज ट्रू?"

"आय नो धिस मॅन," सर म्हणाले. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याला प्रश्न नीट कळला नाही. त्यांनी हळू आवाजात पुन्हा विचारला. सर हो म्हणाले आणि त्यांनी एका दमात सही केली.

परतताना गाडीत ते एकदाच बोलले. "ते पहिलं खोटं मी मले वाचवायले लिहिलं होतं." मी मान हलवली. तुझं पत्र कुठं आहे, असं त्यांनी मला तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही कधी नाही. प्रत्येक वाक्याला तीन प्रश्न विचारणाऱ्या त्या माणसानं मला हा एक प्रश्न सोडून दिला. विचारला असता तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

बिल्डिंगमध्ये आलो, लिफ्टमध्ये शिरलो. मी माझं नऊ दाबलं आणि त्यांच्यासाठी न विचारता चौदाकडे बोट नेलं. त्यांनी माझा हात हलकेच बाजूला केला आणि बारा दाबलं.

युसुफचा अर्ज मंजूर व्हायला वर्ष लागलं. तोवर मला ग्वेल्फला नोकरी मिळाली होती, फ्रेंच न लागणारी. आम्ही निघालो त्या दिवशी सामान उतरवायला मी लिफ्ट अडवून ठेवली होती. एक खेप खाली नेऊन वर येताना लॉबीत सर आणि युसुफ आत शिरले. सरांचा गुडघा पार बिघडला होता, हातात काठी आली होती. ग्रोसरीच्या पिशव्या युसुफकडे होत्या आणि काखेत तो लांबडा पाव. मला वाटलं, आज तरी चौदा दाबतील. युसुफनं कोपरानं बारा दाबलं.

माझा नववा आला. मी उतरायला हवं होतं, पण उतरलो नाही, त्यांच्याबरोबर बाराव्यापर्यंत गेलो. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, "टेस्टर, सांभाळून राय," म्हणाले आणि बाहेर पडले. युसुफनं जिन्याचं दार पाठीनं ढकलून धरलं. सरांनी एका हातानं कठडा धरला, दुसरा हात त्याच्या दंडात घातला आणि दोघं फ्रेंचमध्ये काहीतरी वाद घालत पायऱ्या चढायला लागले, तेराव्या मजल्याकडे.